एकोणीस वर्षांपलीकडे

६ सप्टेंबर १७८९ रोजी थॉमस जेफरसन यांनी पॅरिसहून आपले मित्र जेम्स मॅडिसन यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. फ्रान्समध्ये क्रांती पेटलेली होती. तिकडे अमेरिकेची नवी राज्यघटना अमलात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि ती घडवण्यात मॅडिसन यांचा मोठा हात होता. पत्रातला प्रश्न अवघड होता : पृथ्वी जर जिवंत माणसांची, तर मेलेल्यांनी केलेल्या कायद्याने त्यांना का बांधावं? जेफरसन यांनी मृत्युमानाचे तक्ते घेऊन हिशेब मांडला. आज सज्ञान असलेल्यांपैकी निम्मे लोक किती वर्षांत हे जग सोडतात? उत्तर आलं, सुमारे १९ वर्षं. तेव्हा कोणतीही घटना १९ वर्षांनी आपोआप संपावी आणि पुढच्या पिढीने आपली आपण नवी करावी, असं त्यांनी सुचवलं. मॅडिसन यांनी पुढच्या फेब्रुवारीत सौम्य शब्दांत नकार कळवला. दर काही वर्षांनी सगळं मोडून पुन्हा मांडायचं ठरलं तर कशालाच मूळ धरता येणार नाही, आणि एक घटना संपून दुसरी येईपर्यंतच्या पोकळीत काय होईल, हा त्यांचा आक्षेप होता.

यानंतर दोनशे वीस वर्षांनी झॅकरी एल्किन्स, टॉम गिन्सबर्ग आणि जेम्स मेल्टन या तीन अभ्यासकांनी एक मोठं काम पुरं केलं. १७८९ पासून जगात जेवढ्या राष्ट्रीय घटना झाल्या त्यांचं आयुर्मान त्यांनी मोजलं. निम्म्या घटना १९ वर्षांच्या आतच संपतात असं त्यात दिसून आलं. जेफरसन यांचा आकडा आणि हा आकडा जुळणं हा निव्वळ योगायोग. पण जेफरसन यांना जे व्हावंसं वाटत होतं ते बहुतेक देशांत कुणी न ठरवताच होत आलं आहे. थायलंडमध्ये १९३२ पासून २० घटना झाल्या. नेपाळमध्ये १९४८ पासून सात. श्रीलंकेची सध्याची घटना स्वातंत्र्यानंतरची तिसरी, पाकिस्तानचीही तिसरी. भारताची मात्र २६ जानेवारी १९५० पासून एकच आहे. तिला ७५ वर्षं पूर्ण झाली तेव्हा तिने या आकड्याच्या जवळजवळ चौपट आयुष्य गाठलं होतं.

जेफरसन यांचा विचार दिल्लीतही एकदा सभागृहात उच्चारला गेला होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटना स्वीकारली जाण्याच्या आदल्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटना समितीपुढे बोलायला उभे राहिले. हे भाषण आज जातीव्यवस्थेवरच्या आणि विभूतिपूजेवरच्या इशाऱ्यांसाठी आठवलं जातं. त्याच भाषणात त्यांनी जेफरसन यांचं मत सभागृहाला ऐकवलं आणि ते संपूर्ण खरं आहे असं सांगितलं. एका पिढीने पुढच्या पिढीला जखडू नये हे त्यांना मान्यच होतं. म्हणून तर, ते म्हणाले, आम्ही या घटनेवर अंतिमतेचा शिक्का मारलेला नाही. दुरुस्तीची इतकी सोपी वाट इतर कोणत्या घटना समितीने ठेवली आहे ते दाखवा, असं आव्हानच त्यांनी टीकाकारांना दिलं. टिकाऊपणा हवा म्हणून दार पक्कं बंद करण्याची कल्पना त्यांच्या मनातही नव्हती.

घटना का टिकते, या प्रश्नाला आपल्याकडे साधारणपणे एकच उत्तर दिलं जातं : ती थोर माणसांनी लिहिली म्हणून. माणसं थोर होतीच. पण थोर माणसांनी लिहिलेल्या कितीतरी घटना इतिहासाच्या पुस्तकांत पडून आहेत. मला वाटतं, घटनेवर खूश असलेल्यांकडे पाहून हे कोडं सुटत नाही. तिच्यावर नाराज असलेली माणसं आपली तक्रार घेऊन कुठे जातात, ते पाहावं लागतं. ती घटनेच्या आतल्या वाटांनी भांडत राहिली तर घटना जगते. त्यांना आत वाट उरली नाही की तिचे दिवस भरतात.

याची कसोटी पाहायची तर पाकिस्तानइतकं जवळचं उदाहरण नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये दोन्ही देशांना सारखीच शिदोरी मिळाली होती : १९३५ चा गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया ॲक्ट, तेच सनदी अधिकारी, त्याच परंपरेतलं लष्कर आणि न्यायालयं. भारताच्या घटना समितीने दोन वर्षं, अकरा महिने आणि काही दिवसांत काम संपवलं. पाकिस्तानची समिती रखडली, आणि २४ ऑक्टोबर १९५४ रोजी गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी ती बरखास्तच करून टाकली. दुसऱ्या समितीने केलेली घटना २३ मार्च १९५६ रोजी अमलात आली. ७ ऑक्टोबर १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी ती रद्द केली. अडीच वर्षांच्या त्या आयुष्यात तिच्याखाली एकही सार्वत्रिक निवडणूक झाली नव्हती. सामान्य माणसाच्या हाताला ती कधी लागलीच नाही. मग ती गेली तेव्हा तिच्यासाठी रस्त्यावर यायचं कुणी आणि का?

भारतात नेमकं उलट घडलं, आणि तेही घटना पुरी होण्याआधीच. मसुद्यावर चर्चा चालू असतानाच घटना समितीच्या सचिवालयाने प्रौढ मताधिकाराच्या तत्त्वावर मतदार याद्या तयार करण्याचं काम प्रांतांकडे सोपवलं होतं. फाळणीचे निर्वासित छावण्यांत होते, संस्थानं नुकतीच विलीन होत होती, आणि गावोगावी कारकून घराघरांत जाऊन विचारत होते : घरात २१ वर्षांवरचं कोण कोण आहे? अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. या निर्णयाने तेव्हा मोठा अन्याय झाला. पण त्यामागचा आग्रह महत्त्वाचा होता : मतदार म्हणजे स्वतःच्या नावाची व्यक्ती. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून जास्त मतदार होते, आणि त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घटनेचा मजकूर त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता, तिने दिलेलं मत पोहोचलं होतं.

हे झालं बाहेरच्या लोकांचं. आत, खुद्द घटना समितीत, विरोधकाला जागा होती का?

ही समिती सर्वसमावेशक होती असं सरसकट म्हणणं धाडसाचं ठरेल. तिचे सभासद प्रौढ मताधिकाराने निवडले गेले नव्हते. मर्यादित मतदारांनी निवडलेल्या प्रांतिक विधानसभांनी त्यांना पाठवलं होतं. काँग्रेसचं बहुमत प्रचंड होतं. मुस्लिम लीगने बहिष्कार टाकला होता. ९ डिसेंबर १९४६ रोजी समिती पहिल्यांदा बसली, १३ तारखेला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, आणि तो त्याच आठवड्यात मंजूर करून टाकणं बहुमताला सहज शक्य होतं. १६ डिसेंबरला मुंबईचे बॅ. मुकुंदराव जयकर उठले. लीगचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी येण्याची संधी राहावी म्हणून ठराव पुढे ढकलावा, अशी उपसूचना त्यांनी मांडली. सभागृहात नाराजी उमटली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी डॉ. आंबेडकरांना बोलायला सांगितलं, आणि काँग्रेसचे कडवे टीकाकार म्हणून ओळखले जाणारे बाबासाहेब जयकरांच्या बाजूने बोलले. ठराव करण्याचा अधिकार तुम्हाला आहे, पण तो आत्ता वापरणं शहाणपणाचं आहे का, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. ठराव पुढे ढकलला गेला. तो मंजूर झाला २२ जानेवारी १९४७ रोजी.

लीग तेव्हा आली नाही. तरीही ते पाच आठवडे वाट पाहणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. बहुमत हाताशी असताना थांबण्याची सवय त्या सभागृहाला सुरुवातीलाच लागली, आणि ज्यांच्या तोंडून तो सल्ला आला त्या माणसाकडे सभागृहाने वेगळ्या नजरेने पाहिलं.

बाबासाहेबांची समितीतली जागाच मुळात कशी होती ते पाहा. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पराभव झाला होता. मुंबईच्या विधानसभेतून निवडून येण्याची शक्यता उरली नव्हती. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने ते बंगालमधून निवडून आले, आणि फाळणीमुळे ती जागा गेली. तेव्हा घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर यांना कळवलं की डॉ. आंबेडकर समितीत असलेच पाहिजेत. जागा रिकामी झाली होती ती जयकरांच्याच राजीनाम्याने. जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब त्या जागेवर आले, आणि ऑगस्टच्या अखेरीस मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. गांधींनी आणि काँग्रेसने अस्पृश्यांसाठी काय केलं असा जाब विचारणारं त्यांचं पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेलं होतं. ते विसरून नव्हे, ते माहीत असताना ही निवड झाली. घटनेच्या पुढच्या आयुष्यावर या एका निर्णयाचा जेवढा परिणाम झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल. गावकुसाबाहेर ठेवलेल्या कोट्यवधी माणसांना ही घटना आपली वाटली, कारण ती आपल्या माणसाच्या हातून आली होती. आज महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांत बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या हातात पुस्तक असतं, आणि ते कोणतं हे शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असतं. भीमगीतं गाणाऱ्या कलापथकांनी घटना जितक्या कानांपर्यंत नेली तितक्यांपर्यंत सरकारी पत्रकं कधी पोहोचली नाहीत. घटनेला धक्का लागतो आहे अशी शंका आली की सर्वांत आधी याच वस्त्या जाग्या होतात. घटनेला असे राखणदार मिळणं हे कायद्याच्या कोणत्याही कलमाने साधत नाही.

आता दुरुस्तीच्या वाटेकडे येऊ. घटनेत एक नव्हे, तीन वाटा आहेत. काही तरतुदी संसद साध्या बहुमताने बदलू शकते. बहुतेक कलमांसाठी ३६८ व्या कलमाखाली दोन्ही सभागृहांत एकूण सभासदांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र-राज्यांतली अधिकारवाटणी, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयं अशा विषयांवर त्यापुढे निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. अमेरिकेच्या घटनेत सव्वादोनशेहून जास्त वर्षांत २७ दुरुस्त्या झाल्या. आपल्याकडे २०२३ पर्यंत १०६. पहिली तर जून १९५१ मध्येच झाली, घटनेला दीड वर्षही झालं नव्हतं.

साध्या बहुमताच्या वाटेवर, म्हणजे सर्वांत सोप्या वाटेवर, काय ठेवलं आहे हे वाचून परदेशी अभ्यासक चकित होतात. राज्यांचे नकाशे! तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद एखादं राज्य तोडू शकते, दोन जोडू शकते, सीमा हलवू शकते, नाव बदलू शकते. राष्ट्रपतींनी त्या राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवायचं, पण ते संसदेवर बंधनकारक नाही. संघराज्याच्या दृष्टीने हा अधिकार भयंकर वाटतो. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात मराठी माणसांनी त्याचे दोन्ही चेहरे पाहिले.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्रशासित होणार अशी घोषणा झाली, शहर पेटलं, गोळीबार झाले. चळवळीत शंभराहून अधिक माणसं मेली. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. संसदेपुढे आलेल्या विधेयकात आधी महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई असे तीन भाग होते. ते बदलून शेवटी एकच विशाल द्विभाषिक राज्य करण्यात आलं. बदललेला प्रस्ताव विधिमंडळाकडे पुन्हा मतासाठी पाठवला नाही म्हणून बाबूलाल पराते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ मध्ये हरले. पुन्हा विचारण्याची गरज नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

इथपर्यंतची कहाणी घटनेने मराठी माणसाचं तोंड बंद केल्याची वाटते. पण आंदोलनाने पुढे काय केलं ते पाहायला हवं. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली, आणि १९५७ च्या निवडणुकीत ती उतरली. समाजवादी एस. एम. जोशी, कम्युनिस्ट डांगे, आचार्य अत्रे, शेतकरी कामगार पक्षाचे नेते, बाबासाहेबांचे अनुयायी एका झेंड्याखाली आले. सातारा भागात इंग्रजांविरुद्ध प्रतिसरकार चालवलेले क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर निवडून गेले. कायद्याचं राज्य धुडकावून समांतर सरकार उभारलेला हा माणूस दहा-बारा वर्षांनी मतपेटीतून आपली मागणी घेऊन दिल्लीला जातो, ही घटना मला त्या सगळ्या लढ्यातली सर्वांत बोलकी वाटते. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. दिल्लीला हिशेब कळला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्यं झाली, ती तिसऱ्या कलमाखालच्या एका साध्या कायद्याने. ज्या तरतुदीने आधी नकार दिला तिच्यातूनच होकार आला.

त्याच सुमारास पाकिस्तानने उलटी दिशा धरली होती. ऑक्टोबर १९५५ मध्ये पंजाब, सिंध, सरहद्द प्रांत आणि बलुचिस्तान एकत्र करून पश्चिम पाकिस्तान नावाचा एकच प्रांत केला गेला. भाषिक आणि प्रांतिक ओढ दाबली की देश एक राहील असा विचार त्यामागे होता. भारतातही नेहरूंना भाषावार राज्यांबद्दल धास्ती होती. पोट्टी श्रीरामुलू यांनी डिसेंबर १९५२ मध्ये उपोषणात प्राण सोडले तेव्हा कुठे आंध्र राज्य झालं. फरक एवढाच, की भारतातल्या हट्टी सरकारला पुढच्या निवडणुकीला सामोरं जावं लागत होतं, आणि नकाशा बदलायला घटना मोडावी लागत नव्हती. पाकिस्तानात प्रौढ मताधिकाराची पहिली सार्वत्रिक निवडणूक डिसेंबर १९७० मध्ये झाली. तिचा निकाल मानला गेला नाही, आणि वर्षभरात देशाचे दोन तुकडे झाले.

सगळ्यांच्या तक्रारी मिटल्या असं अर्थातच नाही. बेळगाव, कारवार, निपाणीकडच्या मराठी माणसांसाठी १ नोव्हेंबर १९५६ हा अजून काळा दिवस आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. एवढ्या वर्षांत त्याचा निकाल लागलेला नाही. तक्रार घेऊन जायला जागा असणं आणि न्याय मिळणं यांत किती अंतर असतं ते सीमाभागात कळतं. हे अंतर फार वाढलं तर घटनेवरचा भरवसा उडतो, आणि तो जपण्याची जबाबदारी घटनेच्या मजकुरावर नव्हे, ती चालवणाऱ्यांवर आहे.

लवचीकपणाला दुसरी बाजू आहे, आणि ती जीवघेणी ठरू शकते. दुरुस्ती एवढी सोपी, तर दोन तृतीयांश बहुमत मिळालेल्या सरकारने घटनाच दुरुस्त करून संपवली तर?

जर्मनीत हे घडलेलं होतं. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला कायदे करण्याचा सर्वाधिकार देणारा कायदा जर्मन संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर केला. दोन तृतीयांशाची अट कागदावर पाळली गेली. कम्युनिस्ट सभासद तुरुंगात किंवा परागंदा होते आणि सभागृहात हिटलरचे दंडेल उभे होते. १९१९ ची वायमार घटना नंतरही औपचारिकपणे रद्द झाली नाही. ती नुसती कागदावर राहिली. म्हणून एखाद्या घटनेचं वय नुसतं वर्षांत मोजणं मला अपुरं वाटतं. ती किती काळ कामात होती हे पाहायला हवं. युद्धानंतर पश्चिम जर्मनीने १९४९ च्या मूलभूत कायद्यात, मानवी प्रतिष्ठेसारख्या काही गोष्टी कोणत्याही दुरुस्तीने बदलता येणार नाहीत, असं लिहूनच टाकलं. आपल्या घटनेत तसं कलम नव्हतं.

हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदा नेमक्या शब्दांत मांडला तो एका वऱ्हाडी न्यायाधीशाने. ऑक्टोबर १९६४ मध्ये सज्जनसिंग खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. संसदेला मूलभूत हक्कांसह घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करता येतो, असा त्यांचा आणि बहुमताचा निर्णय होता. अमरावतीचे न्या. जनार्दन रघुनाथ मुधोळकर निकालाशी सहमत होते, पण त्यांनी वेगळं टिपण लिहिलं. घटनेचं एखादं मूलभूत वैशिष्ट्यच बदललं, तर त्याला दुरुस्ती म्हणायचं की घटनेचा तो भाग नव्याने लिहिणं म्हणायचं, आणि तसं असेल तर ते ३६८ व्या कलमात बसतं का? त्यांनी उत्तर दिलं नाही, प्रश्न ठेवला. त्यासाठी त्यांनी आधार घेतला होता पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिलेल्या एका निकालाचा. तिथे ही कल्पना लष्करशाहीपुढे तगली नाही. इथे ती वाढली.

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा फरकाने ठरवलं की संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही. खटला ६८ दिवस चालला होता. केरळमधल्या एका मठाच्या जमिनीवरून सुरू झालेल्या या वादात मठाच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ सरकारच्या बाजूने एच. एम. सीरवाई, हे मुंबईचे दोन दिग्गज, समोरासमोर होते. एका मताने लागलेला हा निकाल त्या दिवशी फारसा भक्कम वाटला नसेल. पुढच्या दोनच दिवसांत तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून न्या. अजितनाथ रे सरन्यायाधीश झाले. अल्पमतात राहिलेल्या सहांमध्ये पुण्याचे न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते. सात वर्षांनी, १९८० मध्ये, मिनर्व्हा मिल्स खटल्यात बेचाळिसाव्या दुरुस्तीतली संसदेला अमर्याद अधिकार देणारी तरतूद रद्द करताना बहुमताचा निकाल सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच लिहिला. ज्या तत्त्वाला त्यांनी विरोध केला होता त्याचा पाया त्यांच्याच हातून घट्ट झाला. मतभेद असलेला माणूस निकालानंतर त्या निकालाला बांधून घेतो, हीच संस्थांची खरी ताकद असते.

मधल्या काळात आणीबाणी येऊन गेली होती. २५ जून १९७५ ची आणीबाणी घटना बाजूला सारून नव्हे, ३५२ व्या कलमाचा आधार घेऊन लादली गेली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं की स्थानबद्ध माणसाला या काळात न्यायालयाचं दार वाजवता येणार नाही. बहुमतात न्या. चंद्रचूडही होते, एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी विरोध नोंदवला. त्या सुमारे २१ महिन्यांत घटनेचा देह होता, श्वास कोंडलेला होता. या काळाचा विचार करताना घटनेच्या टिकाऊपणाचं कौतुक मला आवरतं घ्यावंसं वाटतं. ती वाचली ती मार्च १९७७ च्या मतदानाने. १९४८ पासून ज्यांची नावं यादीत चढत गेली, त्यांनी निकाल दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अंतर्गत अशांततेच्या सबबीवर आणीबाणी लादण्याची वाट बंद केली आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही अशी तजवीज केली. दुरुस्तीच्या ज्या दारातून धोका आत आला होता त्याच दाराने इलाजही आला.

मोठ्या खटल्यांच्या गडबडीत लहान माणसं राहून जातात. घटना अमलात आल्या आल्या सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये जमीनदार होते, वृत्तपत्रं होती. आणि उत्तर प्रदेशातल्या जलालाबादचा मोहम्मद यासीन नावाचा भाजीचा व्यापारीही होता. गावच्या समितीने भाजीच्या घाऊक विक्रीचा मक्ता एकालाच दिला, यासीनचा धंदा बसला, तो दिल्लीला गेला आणि १९५२ मध्ये जिंकला. मुंबईत बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांनी दारूबंदी कायद्याला आव्हान देऊन त्यातल्या काही तरतुदी पाडायला लावल्या. १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या वतीने पत्रकार ओल्गा टेलिस यांनी लढलेल्या खटल्यात न्यायालयाने मान्य केलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. झोपड्या तरीही हटवल्या गेल्या, हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही. पण त्या निकालाचा आधार घेऊन पुढे कितीतरी फेरीवाले आणि झोपडीवासी न्यायालयात उभे राहिले. पुन्हा एक नाराज माणूस आतल्या वाटेने आला.

आता जी परीक्षा समोर आहे तिचं स्वरूप वेगळं आहे. लोकसभेच्या जागा राज्यांना लोकसंख्येप्रमाणे द्याव्यात, असं घटना सांगते. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा होऊ नये म्हणून १९७६ मध्ये राज्यांतली वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवली गेली, आणि चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. महाराष्ट्राच्या ४८ आणि तमिळनाडूच्या ३९ जागा त्या जुन्या आकड्यावर उभ्या आहेत. दरम्यान उत्तर प्रदेश आणि बिहारची लोकसंख्या दक्षिणेपेक्षा कितीतरी वेगाने वाढली. आकडे जसेच्या तसे लावले तर दक्षिणेचा आवाज घटतो. लावले नाहीत तर उत्तरेतल्या एका मताची किंमत दक्षिणेतल्या मतापेक्षा कमी राहते. दोन्ही बाजूंकडे खरी तक्रार आहे आणि दोन्ही बाजू घटनेचीच कलमं दाखवतात. बहुमत असलेल्यांनी हा प्रश्न आकड्यांच्या जोरावर एका अधिवेशनात उरकायचा, की डिसेंबर १९४६ मध्ये जयकरांनी मागितली होती तशी सवड द्यायची, हे ठरवण्याची वेळ आता आली आहे.